बिनचिठ्ठीचं पिंप

मशीन अंगणात येऊन उभं राहिलं तेव्हा मी ग्लास पुसत होते. पिवळं धूड, चाकांना आदल्या दिवशीचा चिखल, पुढे लोखंडी दात. मशीनवाला खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने वरच्या उताराकडे पाहिलं आणि माझ्या थोरल्या दिरांना विचारलं, "उपटायचंय ते हेच ना?"

"हेच," दादा म्हणाले. "पण जरा थांब. घरात एक काम आहे, ते उरकलं की सांगतो."

मी तोंडाळ आहे. घरात सगळे म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. एरवी मी दादांना तिथल्या तिथे विचारलं असतं, की माणूस जिवंत असतानाच खांदेकरी बोलावून बसवता का? पण त्या सकाळी माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. आत काय होणार ते मला माहीत होतं, दादांना माहीत नव्हतं, आणि माझी पाचावर धारण बसली होती.

उपटायची होती ती आमची सगळ्यात जुनी द्राक्षबाग. घरात तिला म्हातारी म्हणतात. आत्याबाईंच्या आजोबांनी लावलेले वेल, बुंधे मांडीएवढे जाड, पीळ पडलेले, काही आतून पोकळ. घड येतात ते मोजके. मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या. सगळ्या उतारावरचं पीक मिळून जेमतेम एक पिंप भरतं, आणि तेवढ्याच जागेत नवे वेल लावले तर तळघरात पिंपं ठेवायला जागा पुरायची नाही. हे दादांचं म्हणणं, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. पण म्हातारीची वाइन वेगळी. तोंडात घेतली की आधी गप्प बसते आणि मग बोलायला लागली की थांबत नाही. माझं आणि तिचं त्यातलं निम्मंच जुळतं.

आत्याबाई म्हणजे दादांची आणि माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही, तळघर सांभाळलं. बाग कागदावर दादांची असेल, पण तळघराची किल्ली आत्याबाईंच्या मुठीत. वीतभर लांब, जुनी लोखंडी किल्ली. ती त्या कुठे अडकवत नाहीत, खिशात टाकत नाहीत, हातातच धरून फिरतात. जेवतानासुद्धा उजव्या हातात घास आणि डाव्या हातात किल्ली. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव, आणि ते नाक असं की बंद पिंपाच्या बुचाजवळ नेलं तरी आत काय चाललंय ते सांगायच्या.

त्या नाकाच्या जोरावरच आमच्या घरात एक नियम चालत आला. आमच्या तळघरात एकाही पिंपावर चिठ्ठी नाही, खडूची रेघसुद्धा नाही. आत्याबाईंचे वडील म्हणायचे, चिठ्ठी लावली की माणूस वाचायला लागतो आणि वास घ्यायचं सोडतो. आत्याबाईंनी तो नियम नुसता पाळला नाही, आणखी कडक केला. मी लग्न होऊन आले तेव्हा गोंधळ नको म्हणून एका पिंपावर गुपचूप फुली मारली होती. त्यांनी ती माझ्याच रुमालाने पुसायला लावली.

पुढे त्यांनीच मला शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही. ग्लास माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "घे वास." मला वास आला की शब्द सुचतात, त्याला मी काय करू? ह्याला नव्या वहीचा वास येतो, ह्याला ओल्या कुत्र्याचा, असं मी सांगायला लागले की त्या वैतागायच्या. "गप्प बस. वास ओळखायचा असतो, त्याचं कीर्तन करायचं नसतं." म्हातारीचं पिंप मात्र त्यांनी मला कधी उघडू दिलं नाही. वर्षातून एकदा बाटली उघडली जायची, तेव्हा एक घोट मिळायचा. बस.

आता दादांबद्दल. दादा वाईट नाहीत. मी त्यांच्याशी रोज भांडते म्हणून मला ते सांगायचा हक्क आहे. गेल्या मोसमात शहरातून वाइनचा एक बडा दुकानदार आला होता. दादांनी त्याची गंमत करायची म्हणून म्हातारीच्या रिकाम्या बाटलीत नव्या वेलांची वाइन भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने डोळे मिटले, मान डोलावली, जुन्या वेलांची खोली काही औरच असं म्हणाला आणि आणखी मागितली. दादा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांचं काहीतरी मोडलं. "लोक बाटलीवरचं नाव पितात," ते मला म्हणाले. "आणि आपण त्यासाठी सगळ्यात चांगला उतार अडवून बसलोय."

तेव्हापासून त्यांनी म्हातारी उपटायचं मनात घेतलं. आत्याबाईंनी अर्थातच आकाशपाताळ एक केलं. रोज जेवणाच्या टेबलावर तेच. शेवटी एका रात्री दादा जेवता जेवता म्हणाले, "आत्या, तुझं नाक मी मानतो. ग्लास तीन ठेवीन, एक म्हातारीचा, दोन नव्या वेलांचे. तू ओळखलंस तर मी जिवंत असेपर्यंत तिला हात लावणार नाही. नाही ओळखलंस तर त्याच दिवशी मशीन."

"कबूल," आत्याबाई म्हणाल्या. घास चावता चावता, मीठ द्या म्हणावं तसं. मला इतका आनंद झाला की मी दादांना वाटीभर गोड जास्त वाढलं. आत्याबाईंना म्हातारी ओळखायला सांगणं म्हणजे आईला पोर ओळखायला सांगणं. दादा फुकट हरणार होते.

आणि मग ते दूध करपलं.

दोनच दिवसांनी. मी दूध तापत ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. जिन्यातच मला करपल्याचा वास आला, धावत खाली आले. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं, पातेलं काळं पडलं होतं, धूर कोंदला होता. आणि शेगडीपासून दोन हातांवर आत्याबाई पाठमोऱ्या बसून शेंगा सोलत होत्या. शांतपणे.

मी शेगडी बंद केली. त्यांनी आवाज ऐकून मान वळवली, धूर पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या बाईच्या डोळ्यांत भीती पाहिली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना मोठा ताप आला होता. तेव्हापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. वाइनचा नाही, साबणाचा नाही, सडक्या फळाचा नाही. इतके महिने त्या रोज तळघरात जात होत्या, पिंपांना नाक लावत होत्या, मान डोलवत होत्या, आणि आम्हाला कुणाला संशय आला नाही. मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हे ह्या चार भिंतींच्या बाहेर गेलं तर तू माझी कुणी नाहीस."

"अहो, पण पैज! दादांना सांगा ना, पुढे ढकला म्हणावं."

"पुढे ढकलून नाक परत येणार आहे?"

मी म्हटलं, ओतणार मी आहे, म्हातारीचा ग्लास कुठला ते मी खोकून सांगते. त्यांनी माझं मनगट असं झटकलं की बांगडी वाकली. म्हणाल्या, "चोरी करून बाग राखायची असती तर दादाच्या पाया पडले असते, ते सोपं होतं. माझी जीभ आहे. हिरड्या आहेत. म्हातारीची साल जाड, ती हिरड्यांना धरते. नव्या वेलांची नुसती चाटून जाते. वासाशिवायही मी ओळखीन."

माझा विश्वास बसला नाही. सर्दी झाली की मला वरण आणि चहा यांतला फरक कळत नाही. आठवडाभर मी मूग गिळून फिरत होते आणि रात्री नवऱ्याला उगीच टाकून बोलत होते. तो बिचारा विचारायचा, माझं काय चुकलं? त्याचं काही चुकलं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत, आणि जवळ तो होता.

तर त्या सकाळी. उपाशी पोटी चव चांगली कळते म्हणून नाश्त्याच्या आधीची वेळ ठरली होती. आत्याबाईंनी तळघर उघडून दिलं आणि दादा कंदील घेऊन माझ्याबरोबर खाली उतरले. ओतायला मी, मांडायला ते. काचेच्या नळीने मी आधी नव्या वेलांच्या दोन पिंपांतून वाइन काढली आणि मग कोपऱ्यातल्या म्हातारीच्या पिंपातून. हात इतका थरथरत होता की थोडी खाली सांडली. दादा म्हणाले, "तुला कशाला घाम फुटलाय? पैज तिची आहे." मी ग्लासांवर बशा झाकल्या. दादांनी ते दुसऱ्या खोलीत नेले, दार लावलं, आणि बाहेर आणले तेव्हा कुठला कुठे ते मलाही माहीत नव्हतं.

समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर पांढरं कापड, तीन ग्लास, एक थुंकायचं भांडं. आत्याबाई धुतलेले कपडे घालून बसल्या होत्या, किल्ली मुठीत. माझा नवरा भिंतीला टेकून उभा. दादांपुढे तो भिंतीवरची पाल असतो, फक्त पाल अधूनमधून चुकचुकते तरी. बाहेर मशीनवाला रेडिओ लावून बसला होता.

आत्याबाईंनी पहिला ग्लास उचलला. नाकापाशी नेला, डोळे मिटले, थांबल्या. मला माहीत होतं की तिथे काही नाही, नुसती हवा आहे, आणि तरी त्यांनी ते इतकं बेमालूम केलं की मला त्यांची कीव आली आणि अभिमानही वाटला. मग घोट घेतला. गालातून फिरवला, जिभेखाली नेला, ओठ आवळून बराच वेळ धरला. थुंकला. हिरड्यांवरून जीभ फिरवली. मग दुसरा. मग तिसरा. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा त्या मधल्या ग्लासापाशी थांबल्या. घोट घेतला, थुंकला, परत घेतला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी पायाच्या अंगठ्याने फरशी खरडत होते. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं आणि मला वाटलं जाऊन तो रेडिओ विहिरीत टाकावा.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"ह्यात म्हातारी नाही," त्या म्हणाल्या.

दादा पुढे वाकले. "नीट बघ, आत्या. घाई नाही."

"बघितलं. तिन्हींत नाही."

मी डोळे मिटले. संपलं, मला वाटलं. मी माझ्या हाताने काढली होती म्हातारी, कोपऱ्यातल्या पिंपातून, आणि ती बाई म्हणत होती की नाही. जीभ, हिरड्या, सगळी मनाची समजूत.

दादा हळूच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता, "मधला ग्लास म्हातारीचा आहे. हिने माझ्यासमोर काढला. कोपऱ्यातलं पिंप, जे तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "जा, त्याला सांग सुरू कर म्हणून."

नवरा हलला नाही. पहिल्यांदाच मला त्याच्या मख्खपणाचा फायदा झाला.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माझ्याकडे वळल्या. "तू काढलीस तेव्हा वास घेतलास?"

"नाही. हात थरथरत होते. कोपऱ्यातलं पिंप म्हणून काढली."

"मग आता घे."

मी मधला ग्लास उचलला. वास घेतला. वर नव्या वेलांचा गोड, अंगचटीला येणारा वास. खाली कुठेतरी म्हातारी, दबून बसलेली. दोन्ही एकाच ग्लासात.

मला क्षणात सगळं कळलं. दरवर्षी हिवाळ्यात तळाशी गाळ बसला की वाइन स्वच्छ पिंपात काढतात, आणि पिंप काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर आत हवा राहून ती आंबते. यंदा म्हातारीचं पीक इतकं कमी होतं की तिच्या वाइनने पिंप भरलं नसतं, म्हणून तिचीच गेल्या वर्षीची थोडी वाइन एका काचेच्या बुधल्यात राखून ठेवली होती, वरून भर घालायला. त्या बुधल्याशेजारी तसाच दुसरा बुधला. त्यात नव्या वेलांची वाइन. दोन्हींवर चिठ्ठी नाही, अर्थातच नाही. आत्याबाई तापातून उठल्या त्याच आठवड्यात त्यांनी हे काम केलं होतं. एकट्यांनी, कारण म्हातारीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या तोंडावरून त्यांनी सगळं वाचलं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर बाग वाचेल कदाचित, पण ह्या बाईचं काय राहील? आणि न सांगितलं तर बाहेर रेडिओ लावून बसलाय तो. जन्मात पहिल्यांदा मला बोलायचं होतं आणि जमत नव्हतं.

"दादा," आत्याबाई म्हणाल्या, "माझं नाक गेलंय."

त्यांनी सगळं सांगितलं, ताप, बुधला, भर, थेट आणि कोरड्या आवाजात, दुसऱ्या कुणाची चूक सांगावी तशी. "त्या पिंपात मी चुकीची भर घातली. माझी म्हातारी मीच नासवली. म्हणून ती मला ग्लासात सापडली नाही."

दादा खुर्चीत बसले. "आत्या, हिवाळ्यापासून? आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तळघरातून उठवून मला शेंगा सोलायला बसवलं असतं."

"मग आता काय?" दादांचा आवाज चढला, पण तो रागाचा नव्हता, मी ओळखते तो आवाज. "मी मशीन परत पाठवलं, समज. पुढच्या वर्षी म्हातारी ओळखणार कोण? मला ओळखता येत नाही. ह्याला येत नाही. दुकानदाराला येत नाही. घरात एक नाक होतं, ते गेलं. मग ती कुणासाठी ठेवायची, सांग ना मला."

मला दादांचं पटलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आत्याबाईंनी किल्लीने माझ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "ही ओळखेल."

दादा हसले. "ही? हिच्या आमटीत एक दिवस मीठ नसतं आणि दुसऱ्या दिवशी दोनदा असतं."

"आमटीशी ती बोलत असते, म्हणून चुकते. वाइनशी बोलू दिलं नाही मी तिला." त्या उठल्या. "तळघरात दुसरा बुधला अजून भरलेला आहे, बूच न काढलेला. माझं खरं असेल तर त्यात नुसती म्हातारी आहे. तू जा, तू काढ, तू मांड. एक त्यातला, एक नव्या वेलांच्या पिंपातला, एक मी नासवलेला. हिने बुधला ओळखला तर म्हातारीला वारस आहे. नाही ओळखला तर मी स्वतः त्या मशीनवाल्याला रस्ता दाखवीन."

"आत्याबाई, नको," मी म्हटलं. "मला नाही जमायचं. मी चुकेन. अहो, मी वर्षातून एक घोट पिते!"

त्यांनी ऐकलं नाही. खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाठमोऱ्या बसल्या. "नंतर म्हणायला नको, आत्याने खुणावलं."

दादा खाली गेले आणि वर आले, तोवर मी कोमट पाण्याने तीनदा चूळ भरली. नवऱ्याने जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत भिंतीला जाऊन टेकला. तेवढं पुरे होतं. दादांनी नवे तीन ग्लास मांडले आणि समोर उभे राहिले.

पहिला. वास लगेच आला, दारातच गळ्यात पडला. पिकलेली फळं, साखर, गोड बोलणं. नवे वेल, शंका नाही. दुसरा. तोच गोडवा, पण खाली दबलेलं काहीतरी. नासवलेलं पिंप. मग उरला तिसरा, म्हणजे सोपंच होतं की. मी तिसरा उचलला आणि त्यात काहीच नव्हतं.

काहीच नाही. थंड काच, बस. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा. दुसऱ्यात जे दबलेलं वाटलं तीच खरी म्हातारी असेल तर? हा तिसरा बुधल्यात राहून मेला असेल तर? की भीतीने माझंही नाक गेलं? वर्षातून एक घोट, त्याची आठवण ती किती? दादा ग्लासाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. भिंतीपाशी आत्याबाईंची पाठ ताठ होती, आणि त्या पाठीवरून मला कळत होतं की त्या श्वाससुद्धा घेत नव्हत्या.

म्हातारी दारात लगेच येत नाही. हे आत्याबाई म्हणायच्या, बाटली उघडली जायची तेव्हा. हाक मारायची आणि थांबायचं.

मी ग्लास दोन्ही हातांत धरला, अंगाशी, थोडा उबेला, आणि थांबले. मला थांबणं जमत नाही, देव साक्षी आहे, पण थांबले. मग नाक लावलं.

आली. आधी मिरी. मग सुकलेल्या फळाची साल. मग जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक कोरडा, थंड, ओळखीचा वास. इतका ओळखीचा की तो ग्लासात कसा आला ते मला कळेना. घोट घेतला. हिरड्यांना धरलं तिने, हळूच, पण सोडलं नाही.

"ही," मी म्हटलं. "तिसरी. ही म्हातारी."

दादांनी तिसरा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि स्वतः नाकाशी नेला. मग मधला. मग परत तिसरा, आणि त्या वेळी ते थांबले, मी थांबले होते तसे. त्यांना काय कळलं ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "यंदा म्हातारीची बाटली निघणार नाही. पिंप गेलं."

"गेलं," आत्याबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"आणि आजपासून तळघरात प्रत्येक पिंपावर चिठ्ठी लागेल. बुधल्यावरसुद्धा."

आत्याबाईंची मान हलली. "लाव."

दादा दाराकडे गेले आणि नवऱ्याला म्हणाले, "त्या मशीनवाल्याला चहा दे आणि जा म्हणावं. काम नाही म्हणून सांग." नवरा एवढ्या चपळाईने बाहेर पळाला की उंबऱ्याला ठेचकाळला. थोड्या वेळाने रेडिओ बंद झाला आणि इंजिन सुरू झालं. मशीन अंगणातून वळून रस्त्याला लागेपर्यंत मी टेबलाला धरून उभी होते.

दादाही बाहेर गेले. आत्याबाई उठल्या, खुर्ची वळवून टेबलापाशी आणली आणि माझ्यासमोर बसल्या. किल्ली त्यांनी पांढऱ्या कापडावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. हात रिकामा झाला तेव्हा त्यांना तो कुठे ठेवावा ते सुचेना.

"तू ओळखलीस ती," त्या म्हणाल्या. "आता सांग मला. कसा आहे वास?"

"तुम्हीच म्हणायचात, वासाचं कीर्तन करायचं नसतं."

"तेव्हा मला येत होता," त्या म्हणाल्या. "सांग."

मी सांगितलं. मिरीचं सांगितलं, सुक्या सालीचं, लाकडी पेटीचं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, तहान लागलेल्या माणसाने पाणी प्यावं तशा. मी थांबले.

"आणि तळाला?" त्यांनी विचारलं. "तळाला एक असायचा. मला आयुष्यभर त्याला नाव देता आलं नाही."

मला तेव्हा कळलं तो ओळखीचा का वाटला ते. त्या माझ्या हातात ग्लास द्यायच्या, मी नाक खाली न्यायचे, तेव्हा ग्लासाच्या आधी तो यायचा. इतकी वर्षं.

"तुमच्या हाताचा," मी म्हटलं. "किल्ली धरून धरून तुमच्या तळहाताला लोखंडाचा जो वास येतो ना, तो."

त्यांनी डोळे उघडले. आपला तळहात नाकापाशी नेला आणि जोरात श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि हात खाली आणला. डोळे भरून आले होते. मग तो हात त्यांनी टेबलावरून माझ्यापुढे धरला.

"अजून येतो का गं?"

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला.

"येतो," मी म्हटलं.